विश्लेषण : उंदराचा ब्रेन स्ट्रोक बरा होतो, मग माणसाचा का नाही?

प्रयोगशाळेत उंदरांचा मेंदू वाचवणारी शेकडो औषधे सापडली. रुग्णांवर मात्र ती एकामागून एक निष्प्रभ ठरली. यात दोष औषधांचा किती आणि ती ज्या प्राण्यांवर तपासली त्यांच्या निवडीचा किती, हा वाद जुना आहे. ‘सर्वात चांगला प्राणी कोणता’ हा प्रश्नच मुळात फसवा आहे. कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्राणी, हे आधी ठरले नाही तर प्राण्यांचे जीव जातात आणि रुग्णांच्या हाती काही लागत नाही, असे आजवरचा अनुभव सांगतो.

ब्रेन स्ट्रोकमध्ये नेमके काय होते?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडणे किंवा मेंदूतली रक्तवाहिनी फुटणे म्हणजे ब्रेन स्ट्रोक. बोलीभाषेत याला पक्षाघाताचा झटका किंवा लकवा म्हणतात. बहुतांश रुग्णांत कारण असते ते रक्ताच्या गुठळीने तुंबलेली धमनी, उरलेल्यांत रक्तस्राव. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आशियात रक्तस्रावाचे प्रमाण जास्त आढळते.

मोठी धमनी बंद झाल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि तो आजही डॉक्टर वापरतात. गुठळीच्या अगदी जवळचा भाग काही मिनिटांत मरतो. त्याभोवतीचा भाग मात्र आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांच्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरून असतो. उपचारांची सगळी धडपड हा कडेचा भाग वाचवण्यासाठी असते.

सध्या खात्रीचे म्हणावेत असे मार्ग दोनच. एक, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. ते साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दुसरा, मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी घालून गुठळी बाहेर ओढणे. २०१५ मध्ये एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी हा मार्ग सिद्ध केला. दोन्ही उपचार रस्ता मोकळा करतात. रस्ता मोकळा होईपर्यंत पेशींना जगवणारे, जगभर एकमताने मान्य झालेले औषध अजून नाही. जपान, चीन, भारत अशा काही देशांत एडाराव्होन दिले जाते, पण त्याबाबत जागतिक एकमत झालेले नाही. वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचू न शकणाऱ्या रुग्णासाठी असे औषध म्हणजे हिंडते-फिरते आयुष्य आणि अंथरूण यांतला फरक ठरू शकतो.

त्यासाठी प्राणी कशाला हवेत?

काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींचा प्राणवायू तोडून त्या कशा मरतात हे पाहता येते. पण बशीत हृदय नसते, रक्तदाब नसतो, धमन्यांचे जाळे नसते, सूज आल्यावर दाब वाढवणारी कवटीही नसते. स्ट्रोक हा जितका मेंदूचा आजार आहे तितकाच रक्तवाहिन्यांचा आहे. म्हणून जिवंत शरीराला आजही पूर्ण पर्याय मिळालेला नाही.

प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी असतात, असा सरसकट निष्कर्षही चुकीचा ठरेल. गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या औषधाचा प्रवास त्याचे उत्तम उदाहरण आहे. सशांच्या मेंदूत रक्ताच्या गुठळ्या सोडून हे औषध दिल्यावर मेंदूची हानी कमी होते, हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेत ६२४ रुग्णांवरील चाचणीने त्याला दुजोरा दिला आणि १९९६ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिली.

यश का आले, हे इथे समजून घेण्यासारखे आहे. प्रश्न गुठळीचा होता आणि प्राण्याच्या मेंदूतही खरी गुठळीच होती. प्रश्न आणि मॉडेल यांचा सांधा जुळला होता. मॉडेल म्हणजे माणसाच्या आजाराची प्राण्याच्या शरीरात केलेली नक्कल.

उंदराला स्ट्रोक ‘येतो’ कसा?

निरोगी उंदराला आपोआप स्ट्रोक येत नाही, तो आणावा लागतो. इथेच निवडीचा पहिला पेच सुरू होतो.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत धाग्याची. मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवून मेंदूतल्या मधल्या मुख्य धमनीचे तोंड बंद करायचे. तास-दीड तासाने धागा मागे ओढला की रक्त पुन्हा धो धो वाहू लागते. जपानमध्ये १९८६ साली वर्णन झालेली ही पद्धत १९८९ नंतर जगभर पसरली. कवटी उघडावी लागत नाही आणि वेळ हातात राहते, हे तिचे फायदे. पण रुग्णाच्या धमनीतली गुठळी अशी एका क्षणात नाहीशी होत नसे. गंमत अशी, की गुठळी ओढून काढण्याचा उपचार आल्यावर नेमके असेच घडू लागले. जी नक्कल पूर्वी अवास्तव वाटायची, ती उपचार बदलल्यावर वास्तवाच्या जवळ आली.

दुसरी पद्धत प्रकाशाची. रक्तात रोझ बेंगाल नावाचा रंग सोडून कवटीवरून ठरावीक जागी प्रकाश टाकायचा. तिथल्या वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि हवी तिथे, हवी तेवढी इजा करता येते. हातापायाची हालचाल परत कशी येते याच्या अभ्यासाला ही पद्धत चांगली. मात्र यात ‘वाचवता येईल असा कडेचा भाग’ फारच कमी असतो. पेशी वाचवणाऱ्या औषधाची परीक्षा इथे घेणे म्हणजे आग विझल्यावर बंब तपासणे.

तिसरी पद्धत खऱ्या गुठळीची. प्राण्याच्याच रक्ताची गुठळी करून ती धमनीत सोडायची. गुठळी विरघळवणाऱ्या औषधासाठी याहून योग्य परीक्षा नाही. पण गुठळी कुठे अडकेल हे दर वेळी नेमके सांगता येत नाही, त्यामुळे इजा कमीजास्त होते आणि प्राणी जास्त लागतात. शिवाय माणसाचे टीपीए उंदराच्या शरीरात तितके चालत नाही. माणसाला किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात, तर उंदरांना अनेक प्रयोगांत १० मिलिग्रॅम द्यावे लागले.

रक्तस्रावाचीही तीच कथा. प्राण्याचे स्वतःचे रक्त मेंदूत टोचले तर साचलेल्या रक्ताचा दाब आणि विषारी परिणाम अभ्यासता येतो, पण वाहिनी फुटलेलीच नसते. कोलॅजिनेज हे विकर टोचले तर वाहिनीची भिंत विरघळून खरा स्राव होतो आणि वाढत जातो, पण विकरामुळे होणारा दाह त्यात मिसळतो. पहिल्यात यशस्वी झालेले औषध दुसऱ्यात अपयशी ठरले, तर त्यात नवल नाही.

उंदीर, ससा, डुक्कर की माकड?

मराठीत ‘माउस’लाही उंदीर म्हणतात आणि ‘रॅट’लाही. प्रयोगशाळेत मात्र ते दोन वेगळे प्राणी आहेत. माउसचा मेंदू अर्ध्या ग्रॅमहून कमी, रॅटचा साधारण दोन ग्रॅम, माणसाचा सुमारे १,३५० ग्रॅम. माउसमध्ये एखादे जनुक काढून टाकणे किंवा बदलणे सोपे, म्हणून आजाराची यंत्रणा उलगडण्यासाठी तो उपयोगी. रॅट थोडा मोठा असल्याने शस्त्रक्रिया, रक्तदाबाची नोंद आणि हालचालींच्या चाचण्या त्याच्यावर करणे सोयीचे जाते.

दोघांचाही मेंदू गुळगुळीत असतो, माणसासारख्या वळ्या त्याला नसतात. मेंदूतल्या तारांचे जाळे म्हणता येईल असा पांढरा भाग माणसात जवळपास निम्मा, उंदरांत साधारण १० ते १५ टक्के. स्ट्रोकमध्ये पेशींबरोबर या ‘तारा’ही तुटतात. पण उंदरात त्या मुळातच कमी असल्याने फक्त पेशी वाचवणारे औषध तिथे उठून दिसते.

मंगोलियन जर्बिल या वाळवंटी उंदराच्या मेंदूच्या तळाशी असणारे रक्तवाहिन्यांचे कडे अपूर्ण असते. मानेतल्या दोन्ही धमन्यांना चिमटा लावला की त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो. प्रयोग अगदी सोपा. पण हे हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाशी जास्त जुळते, एका धमनीच्या स्ट्रोकशी नाही.

डुक्कर आणि मेंढीच्या मेंदूला वळ्या असतात, पांढरा भागही बराच असतो. मात्र मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांच्यात बारीक वाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यातून नळी पुढे जात नाही. म्हणून गुठळी ओढण्याची उपकरणे डुकरांवर तपासताना मेंदूतल्या धमन्यांऐवजी तोंड आणि मानेकडच्या धमन्या वापरल्या गेल्या. उपकरणाची पकड तपासायला त्या पुरेशा, मेंदू वाचतो का हे सांगायला अपुऱ्या.

माकडाचा मेंदू माणसाच्या सर्वात जवळचा. त्याच्यावरच्या प्रयोगाचा खर्च आणि नैतिक प्रश्नही सर्वात मोठे. त्यामुळे माकडांची संख्या नेहमीच कमी राहते आणि कमी संख्येतून निघालेला निष्कर्ष डळमळीत असतो.

‘एनएक्सवाय-०५९’चे काय झाले?

स्ट्रोक संशोधनाच्या वर्तुळात हे नाव आजही धडा म्हणून घेतले जाते. नव्वदच्या दशकात एकामागून एक औषधे रुग्णांवर अपयशी ठरल्यावर अमेरिकेतील संशोधक आणि औषध उद्योग एकत्र बसले. १९९९ मध्ये त्यांनी प्राण्यांवरच्या चाचण्या कशा कराव्यात याचे ‘स्टेअर’ नावाने ओळखले जाणारे निकष जाहीर केले. मात्रा आणि परिणाम यांचा संबंध दाखवा, औषध किती उशिरा दिले तरी चालते ते दाखवा, एकाहून अधिक प्रजातींवर तपासा, मोजणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिले हे कळू देऊ नका, असे त्यांचे स्वरूप.

अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीचे एनएक्सवाय-०५९ हे या निकषांवर बऱ्यापैकी उतरलेले औषध मानले गेले. उंदरांत त्याने मृत भागाचा आकार कमी केला होता. मार्मोसेट या छोट्या माकडांतही फायदा दिसला होता. १,७२२ रुग्णांच्या पहिल्या मोठ्या चाचणीत, २००६ मध्ये, थोडा का होईना लाभ दिसला. खात्रीसाठी दुसरी, ३,३०६ रुग्णांची चाचणी झाली. तिचा निकाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा शून्य. औषध गुंडाळावे लागले.

त्यानंतर संशोधकांनी मागे वळून प्राण्यांवरचे जुने प्रयोग पुन्हा तपासले. ज्या प्रयोगांत प्राण्यांची गटवारी चिठ्ठी टाकल्यासारखी निष्पक्ष झाली होती आणि मोजणी करणाऱ्याला गट ठाऊक नव्हता, तिथे औषधाचा परिणाम लहान दिसत होता. जिथे ही काळजी नोंदवलेली नव्हती, तिथे तो मोठा होता. उच्च रक्तदाब असलेल्या प्राण्यांवरचे प्रयोग तर मोजकेच. स्ट्रोकच्या रुग्णांत उच्च रक्तदाब हाच सर्वात मोठा धोका असताना हे घडले होते. औषध मेंदूत पुरेसे शिरत नव्हते, अशीही शंका घेतली गेली.

हा एकटा अपवाद नव्हता. २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात स्ट्रोकसाठी सुचवलेल्या १,०२६ उपचारांची मोजदाद झाली. त्यांपैकी ११४ माणसांवर तपासले गेले होते. धक्कादायक भाग पुढचा आहे. माणसांपर्यंत पोहोचलेली ही औषधे प्राण्यांमध्ये, मागे राहिलेल्या औषधांपेक्षा जास्त गुणकारी असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे प्राण्यांवरच्या चाचणीची चाळणी लावली होती, पण ती काही चाळतच नव्हती.

तरुण, निरोगी, नर… मग रुग्ण कोण?

प्रयोगशाळेतल्या ठरावीक उंदराचे वय दोन-तीन महिने. माणसाच्या हिशेबात विशीतला तरुण. वजन नेमके, आहार मोजका, रक्तदाब उत्तम, मधुमेह नाही. बहुतेक वेळा तो नर असतो, कारण तरुण मादीतल्या संप्रेरकांमुळे मेंदूची इजा कमी होते आणि आकडे विखुरतात. रुग्ण मात्र बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेला, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारा. आणि जवळपास निम्म्या वेळा ती बाई असते.

नवी कोरी गाडी रिकाम्या द्रुतगती मार्गावर पळवून पाहायची आणि दहा वर्षे वापरलेली, माणसांनी भरलेली गाडी पावसात घाट चढेल याची हमी द्यायची, तसे हे झाले.

पर्याय नाहीत असे नाही. आपोआप उच्च रक्तदाब होणाऱ्या रॅटची जात जपानमध्ये १९६३ सालीच तयार झाली. तिच्यातून पुढे स्ट्रोककडे झुकणारी उपजातही निघाली. स्निग्ध आहार देऊन स्थूल आणि रक्तातली साखर वाढलेले उंदीर करता येतात. दीड-दोन वर्षांचे म्हातारे उंदीरही मिळतात. अडचण पैशाची आणि वेळेची आहे. दीड वर्ष पिंजरा, खाणे आणि देखभाल यांचा खर्च करायचा. शस्त्रक्रियेत असे प्राणी जास्त दगावतात आणि प्रबंधाची मुदत थांबत नाही. सोयीचा प्राणी निवडला जातो तो या हिशेबातून.

जातीचाही फरक पडतो. सी५७बीएल/६ या लोकप्रिय जातीच्या माउसमध्ये मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्यांना जोडणाऱ्या पर्यायी वाटा भरपूर असतात. बॅल्ब/सी जातीत त्या विरळ. एकच धमनी सारख्याच पद्धतीने बंद केली तरी दोघांतल्या इजेचा आकार खूप वेगळा येतो. जात बदलली की निकाल बदलतो आणि श्रेय मात्र औषधाला जाते.

रात्री जागणाऱ्या प्राण्यावर दिवसा प्रयोग?

काही चुका इतक्या साध्या आहेत की त्या वर्षानुवर्षे कुणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत. उंदीर निशाचर आहे. संशोधक दिवसा काम करतात. म्हणजे उंदराला स्ट्रोक येतो तो त्याच्या झोपेच्या वेळी, तर माणसाला बहुधा जागेपणी किंवा पहाटे-सकाळी. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्वी उंदरांत यशस्वी झालेले तीन उपाय पुन्हा तपासले गेले. दिवसा, म्हणजे उंदराच्या विश्रांतीच्या काळात, ते मेंदू वाचवत होते. रात्री, उंदीर जागा असताना, तो फायदा दिसेना. त्या तिघांतला एक उपाय एनएक्सवाय-०५९च्या कुळातला होता.

तापमानाचेही तसेच. एमके-८०१ हे औषध जर्बिलचा मेंदू वाचवते असे दिसले होते. १९९० मध्ये संशोधकांनी प्राण्यांचे तापमान स्थिर ठेवून प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम उरला नाही. औषधाने अंग थंड पडत होते आणि मेंदू वाचत होता तो थंडाव्याने. भूल देणारी औषधेही निरपराध नाहीत. आयसोफ्लुरेन स्वतःच मेंदूचे काही प्रमाणात रक्षण करते. रुग्णाला मात्र भूल दिलेल्या अवस्थेत स्ट्रोक येत नाही.

माकडात चालले म्हणजे माणसात चालेल?

उंदीर फसवतो, तर थेट माकडावर जा, असे म्हणणारा एक गट आहे. त्यांनी नेरिनेटाइडची कहाणी पाहावी. कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये मकाक माकडांत हे औषध मेंदूची हानी कमी करते असे दाखवले. मेंदू वळ्यांचा, प्राणी माणसाच्या जवळचा, प्रयोग काटेकोर. पुढे १,१०५ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ज्यांना दिलेले नव्हते त्यांच्यात लाभाची चाहूल लागली. कारणही सापडले : त्या इंजेक्शनमुळे शरीरात तयार होणारे विकर नेरिनेटाइडचे तुकडे करत होते. मग फक्त इंजेक्शन न दिलेल्या रुग्णांवर नवी चाचणी झाली. तिथेही निर्णायक फायदा सिद्ध झाला नाही.

यातून निघणारा धडा माकडाविरुद्ध नाही. प्राणी कितीही जवळचा असो, रुग्णालयात प्रत्यक्षात जे उपचार दिले जातात ते मॉडेलमध्ये नसतील तर जवळीक कामाला येत नाही. प्रजाती हा निवडीचा एक भाग झाला. धमनी कशी बंद केली, किती वेळ, सोबत कोणती औषधे होती, हे भाग तितकेच वजनाचे.

मग मॉडेल निवडायचे तरी कसे?

युरोपातल्या सहा प्रयोगशाळांनी २०१५ मध्ये याचे उत्तर देणारा प्रयोग केला. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखणारी एक प्रतिपिंडे-चिकित्सा ३१५ उंदरांवर, ठरलेल्या एकाच आराखड्याने, दोन वेगवेगळ्या मॉडेलमध्ये तपासली. धमनी टोकाकडे कायमची बंद करून छोटी इजा केली तिथे उपचार लागू पडला. धाग्याने मोठी इजा केली तिथे पडला नाही. याच लक्ष्यावर काम करणारे नॅटालिझुमॅब नंतर स्ट्रोकच्या रुग्णांना दिले गेले, तेव्हा मृत भागाची वाढ रोखण्यात ते अपयशी ठरले. दोन्ही मॉडेल खरी होती. ती वेगवेगळ्या रुग्णांची नक्कल करत होती, इतकेच.

अमेरिकेत ‘स्पॅन’ या सरकारी निधीवरच्या उपक्रमात तर प्राण्यांवरची चाचणी माणसांवरच्या चाचणीसारखीच घेण्यात आली. सहा प्रयोगशाळा, सहा उपचार, एकूण २,६१५ माउस आणि रॅट. त्यांत तरुण होते, म्हातारे होते, स्थूल आणि साखर वाढलेले होते, उच्च रक्तदाबाचे होते. नर होते आणि माद्याही. औषध कोणते हे प्रयोग करणाऱ्याला माहीत नव्हते. कोपऱ्यात गेल्यावर प्राणी कोणत्या बाजूला वळतो याचे चित्रीकरण होऊन गुण दुसरीकडे दिले जात. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा सहापैकी एकच उपचार, युरिक अ‍ॅसिड, ठरवलेली रेषा ओलांडू शकला. पाच उपचार रुग्णांपर्यंत जाण्याआधीच मागे पडले, हे या उपक्रमाचे यशच मानायला हवे.

यातून निवडीचा एक साधा क्रम हाती येतो. आजार कसा घडतो हे शोधायचे असेल तर तरुण, एकसारखे माउस पुरतात. गुठळी विरघळवायची असेल तर खरी गुठळी हवी. पुनर्वसनाचा अभ्यास असेल तर नेमकी, छोटी इजा आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या हालचालींच्या चाचण्या हव्यात. उपकरण तपासायचे तर मोठ्या धमन्यांचा प्राणी हवा. आणि औषध माणसांपर्यंत न्यायचे असेल तर वय, लिंग, रक्तदाब, साखर या सगळ्या परीक्षांतून ते एकाहून अधिक प्रयोगशाळांत उत्तीर्ण व्हायला हवे. पहिल्या पायरीचा निकाल शेवटच्या पायरीचा म्हणून विकला जातो, तिथे फसगत सुरू होते.

भारतात काय स्थिती?

देशात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना स्ट्रोक येतो, असे जागतिक रोगभाराचे अंदाज सांगतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे. १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. कोणती प्रजाती, का आणि किती, हे अर्जात लिहावे लागते. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी पेशींवर आधारित चाचण्या, चिपवरचे अवयव आणि संगणकीय पद्धती यांनाही वाट मोकळी झाली.

ही चौकट चांगली आहे, पण तिचा भर प्राण्याला कमीत कमी वेदना आणि कमीत कमी संख्या यांवर आहे. मॉडेल प्रश्नाला साजेसे आहे का, हा प्रश्न ‘रॅट, कारण साहित्यात वापरला गेला आहे’ अशा एका ओळीत आटोपू नये. वय काय, मादी का नाही, रक्तदाबाचे प्राणी का नाहीत, धमनी बंद करण्याची हीच पद्धत का, शस्त्रक्रिया दिवसा की रात्री, याची उत्तरे समितीने मागायला हवीत. कमी प्राण्यांत केलेला चुकीचा प्रयोग दयाळू नसतो. त्यातले सगळेच प्राणी वाया गेलेले असतात.

मग बदलायचे काय?

पहिली गोष्ट, मॉडेल का निवडले याचे लेखी कारण प्रयोगाआधी नोंदवले जावे. माणसांवरच्या चाचण्यांची अशी आगाऊ नोंद सक्तीची आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीही युरोपात नोंदवह्या सुरू झाल्या आहेत, भारतात त्या का नसाव्यात?

दुसरी, अपयशही छापले जावे. २०१० मधल्या एका विश्लेषणात प्राण्यांवरच्या स्ट्रोक संशोधनाचे ५२५ लेख तपासले गेले. ‘परिणाम दिसला नाही’ असे सांगणारे त्यांत जेमतेम दोन टक्के होते. न छापलेल्या निकालांमुळे औषधांचा परिणाम सुमारे तीस टक्क्यांनी फुगलेला दिसत असावा, असा अंदाज त्यात होता. दडवलेल्या प्रत्येक अपयशामागे दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेत तोच प्रयोग नव्या प्राण्यांवर पुन्हा होतो.

तिसरी, म्हाताऱ्या आणि आजारी प्राण्यांच्या प्रयोगांसाठी निधी देणाऱ्यांनी वेगळे पैसे आणि जास्त मुदत द्यावी. संशोधकाला दोष देऊन भागणार नाही. तीन वर्षांत प्रबंध आणि चार लेख मागणारी व्यवस्था दोन वर्षे वाढवलेला उंदीर निवडू देत नाही.

यावर आक्षेप येईल की इतक्या अटी घातल्या तर औषधे मागे पडतील. ती पडतील हे खरे. पण आज ती पुढे सरकून हजारो रुग्णांच्या चाचण्यांत पडतात, तेव्हा जाणारा पैसा आणि वर्षे कैक पटींनी मोठी असतात. त्या काळात चाचणीला होकार देणारे रुग्णाचे नातेवाईक एका आशेवर सही करत असतात. ती आशा किती भक्कम पायावर उभी आहे, हे बऱ्याच वर्षांपूर्वी, एखाद्या पिंजऱ्यासमोर कोणता प्राणी उचलायचा हे ठरवताना निश्चित झालेले असते.